खिशात मावणारे पिस्तूल आणि सातशे डॉलरचे अंदाजपत्रक : एका दुकानदाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराच्या एका उपनगरात २०२३ साली घडले. संबंधितांची नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्या परिसरात शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण देतो आणि या कुटुंबाने माझा सल्ला घेतला होता.

विनायकराव अठ्ठावन्न वर्षांचे. पेट्रोल पंपाला लागून त्यांचे किराणा आणि किरकोळ मालाचे दुकान आहे. दिवसा गल्ल्यावर सुमनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बसतात आणि संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत विनायकराव एकटे असतात. घरी मुलगी, जावई आणि चार वर्षांचा नातू. विनायकरावांकडे ग्रीन कार्ड आहे, जावई एच-१बी व्हिसावर आहे. महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये .२२ रायफलीच्या थोड्या गोळ्या झाडल्या होत्या, तेवढाच त्यांचा शस्त्रांशी संबंध. भारतात परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही आणि तो परवाना मिळवणे किती अवघड असते हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे टेक्सासात दुकानात जाऊन, फॉर्म भरून, तासाभरात पिस्तूल घेऊन बाहेर पडता येते ही गोष्ट त्यांना सोयीची वाटण्यापेक्षा धास्तावणारीच वाटत होती, आणि माझ्या मते ती धास्ती त्यांच्या पथ्यावरच पडली.

समस्या

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानात दुकान बंद करण्याच्या वेळी लूट झाली. विनायकराव रात्री अकराला शटर ओढत, दिवसाची रोकड कापडी पिशवीत घेऊन अंधाऱ्या मागच्या आवारातील गाडीपर्यंत चालत जात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत भरणा करत. त्यांची मागणी नेमकी होती : पॅन्टच्या खिशात राहील, बाहेरून दिसणार नाही असे लहान पिस्तूल हवे, आणि सगळा खर्च सातशे डॉलरच्या आत बसायला हवा. कमरेच्या पट्ट्याला होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, लावणे त्यांना नको होते. ह्यूस्टनच्या दमट उकाड्यात ते सुती पॅन्ट आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घालतात. सदऱ्याखाली कमरेला लावलेले पिस्तूल फळीवरचा माल काढताना हात वर गेला की उघडे पडले असते.

दोन गोष्टी त्यांनी सुरुवातीला सांगितल्या नव्हत्या, त्या बोलता बोलता समजल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. आणि त्यांचे दुकान एका शाळेपासून चालत तीन-चार मिनिटांच्या अंतरावर आहे.

पिस्तुलाआधीचा निर्णय

आमची पहिली बैठक पिस्तुलावर झालीच नाही. रोकड रोज एकाच वेळी, एकाच वाटेने आणि एकट्या माणसाने नेणे, हा धोका पिस्तुलाने कमी होत नाही. म्हणून आधी ही रीत बदलली. गल्ल्याखाली फटीतून नोटा आत टाकता येतील पण किल्लीशिवाय काढता येणार नाहीत अशी जड तिजोरी बसवली. बँकेतला भरणा दिवसा आणि ठरलेला वार न पाळता सुमनताई करू लागल्या. मागच्या आवारात दिवे लावले आणि गाडी समोरच्या दाराशी उभी राहू लागली. लूट झाली तर गल्ला उघडून समोर ठेवायचा, हेही पतीपत्नींनी ठरवून टाकले. हा खर्च दुकानाच्या खात्यातून झाला. सातशे डॉलरला हात लागला नाही.

एवढे झाल्यावर पिस्तूल हवेच का, असे मी विचारले. विनायकराव आठवडाभर विचार करून हो म्हणाले. रोकड नसली तरी शटर ओढतानाची ती दोन मिनिटे एकट्याची असतात, आणि समोरचा माणूस पैसे मिळाल्यावर थांबेलच याची हमी नसते, असे त्यांचे म्हणणे होते. हे कारण मला पटले.

कायद्याची चौकट

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या एकवीस वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते. त्यामुळे परवान्यावर पैसे कशाला घालवायचे, हा विनायकरावांचा प्रश्न रास्त होता. पण शाळेच्या आवारापासून एक हजार फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यावर केंद्र सरकारच्या कायद्याची बंदी आहे आणि ज्याच्याकडे त्या राज्याचा परवाना आहे त्याला त्या बंदीतून सूट मिळते. खासगी जागेला ही बंदी लागू नाही, म्हणजे दुकानात अडचण नव्हती. अडचण होती ती दुकानाच्या दारातून सार्वजनिक रस्त्यावर पाऊल टाकताक्षणी. त्यामुळे परवाना घेणे त्यांच्या बाबतीत ऐच्छिक राहिले नाही.

जावयाचा मुद्दा अधिक नाजूक होता. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे काही ठरावीक अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्यानुसार बंदूक वा काडतुसे ताब्यात ठेवता येत नाहीत. ग्रीन कार्डधारकाला ठेवता येतात. इथल्या अनेक मराठी घरांत एकाच छपराखाली दोन्ही प्रकारची माणसे राहतात आणि हा फरक बहुतेकांच्या गावीही नसतो. जावयाच्या हाताला लागेल अशा जागी पिस्तूल उघडे राहिले, तर ते त्याच्याही ताब्यात होते असा आरोप होऊ शकतो आणि त्याचे परिणाम त्याच्या व्हिसापर्यंत पोहोचू शकतात. शिवाय सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र निष्काळजीपणामुळे लागले तर टेक्सासच्या कायद्यात तो गुन्हा आहे. म्हणून कुलूपबंद पेटी ही खर्चाच्या यादीत पिस्तुलाच्याही वर लिहिली आणि तिचा आकडा फक्त विनायकराव व सुमनताई यांनाच माहीत असेल, असे ठरले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय चालून आला होता. दुकानात येणाऱ्या ओळखीच्या एका ग्राहकाने आपले वापरलेले रुगर एलसीपी २२० डॉलरला देऊ केले. .३८० कॅलिबरचे, म्हणजे त्या मापाची काडतुसे लागणारे, सहा काडतुसांचे मॅगझिन (मुठीत सरकवायची काडतुसांची डबी) असलेले आणि रिकामे असताना जेमतेम २७० ग्रॅम भरणारे हे पिस्तूल २००८ साली बाजारात आले आणि खिशात बाळगायच्या पिस्तुलांची आजची लाट बरीचशी त्याच्यामुळेच उसळली. एकाच राज्यातील दोन रहिवाशांमधला असा खासगी व्यवहार टेक्सासात कायदेशीर आहे. मात्र पिस्तूल हातात घेऊन पाहिले, तर त्याचा अनुक्रमांक ३७० या आकड्यांनी सुरू होत होता. या मालिकेतील पिस्तुले कठीण जमिनीवर पडली तर आपोआप गोळी सुटू शकते असे आढळल्याने कंपनीने ती २००८ सालीच परत मागवून विनामूल्य दुरुस्त करून दिली होती. हे पिस्तूल दुरुस्त झाले होते की नाही, हे त्या गृहस्थांना सांगता येईना. कंपनीकडे चौकशी करून तो प्रश्न सोडवता आला असता. पण त्याहून मोठी अडचण विनायकरावांच्या अंगठ्याची होती : आखूड, अरुंद स्लाइड, म्हणजे मागे ओढून सोडली की काडतूस नळीत चढवणारा पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे ओढणे त्यांना जमत नव्हते. जुन्या एलसीपीची स्लाइड शेवटची गोळी सुटल्यावर उघडी राहत नाही, त्यामुळे मॅगझिन बदलले की ती दर वेळी पुन्हा ओढावी लागते.

दुसरा पर्याय म्हणजे स्मिथ अँड वेसनचे ६४२ हे पाच गोळ्यांचे .३८ स्पेशलचे रिव्हॉल्व्हर. अंगठा दुखणाऱ्या माणसाला पुष्कळ जण हेच सुचवतात आणि त्यामागे तथ्य आहे. याला स्लाइड नाही. घोडा चौकटीच्या आत झाकलेला असल्याने खिशातून काढताना कापडात अडकत नाही. एखादे काडतूस पेटले नाही तर पुन्हा चाप ओढायचा, की पुढचे काडतूस समोर येते. पण त्याचा चाप लांब आणि जड आहे, वजन सुमारे ४०० ग्रॅम, आणि मधला गोल भाग खिशात फुगवटा आणतो. दुकानातील किंमत ४५९ डॉलर होती.

तिसरा पर्याय २०२१ साली आलेल्या रुगर एलसीपी मॅक्सचा. कॅलिबर तेच .३८०, पण मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, वजन सुमारे ३०० ग्रॅम, लांबी १३ सेंटिमीटरच्या आसपास. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहते आणि पुढच्या माशीत, म्हणजे नेम धरायच्या खुणेत, अंधारात चमकणारा ट्रिशियमचा ठिपका आहे. किंमत तेव्हा ३२९ डॉलर होती.

सिग सॉअर पी३६५ हे ९ मिलिमीटरचे पिस्तूल नेम धरायला या तिन्हींपेक्षा सोपे. पण ते रिकामे असतानाच अर्धा किलो भरते, सुती पॅन्टचा खिसा त्याने खाली ओढला जातो, आणि किंमतही अंदाजपत्रकात बसत नव्हती. ते लवकर बाजूला पडले.

किंमत आणि खर्च

अंदाजपत्रकाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘स्वस्त पिस्तूल’ शोधणारे बहुतेक जण काचेखालच्या चिठ्ठीवरची किंमत पाहून निर्णय घेतात. आम्ही प्रत्येक पर्यायाचा पहिल्या तीन महिन्यांचा पूर्ण खर्च मांडला. एलसीपी मॅक्स ८.२५ टक्के विक्रीकरासह ३५६ डॉलर. खिशातले होल्स्टर २८. आकड्याच्या कुलपाची पोलादी पेटी ५२. सरावाची दोनशे काडतुसे, प्रत्येकी ३८ सेंटप्रमाणे, ७६. बाळगण्यासाठीच्या पोकळ टोकाच्या, शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या, गोळ्यांचे पंचवीसचे दोन खोके ५०. परवान्याचे राज्यशुल्क ४०, आणि प्रशिक्षण व बोटांचे ठसे मिळून ७५. एकूण ६७७ डॉलर. हाच हिशेब रिव्हॉल्व्हरसाठी केला तर ८३२ डॉलर होत होते, कारण ते मुळातच महाग आणि त्याची सरावाची काडतुसेही ४५ सेंटला एक. ग्राहकाच्या जुन्या पिस्तुलासह सगळे ५४१ डॉलरमध्ये बसले असते.

लहान पिस्तुलात ९ मिलिमीटरपेक्षा .३८० चा धक्का सौम्य असतो, पण काडतूस त्याहून महाग पडते. ज्याला महिन्याला एकदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जायचे आहे त्याला वर्षभरात हा फरक पिस्तुलाच्या किमतीइतकाच जाणवतो. विनायकरावांनी महिन्याला पंचवीस डॉलर सरावासाठी वेगळे काढायचे कबूल केले, तेव्हाच मी खरेदीला हो म्हटले.

रेंजवरची चाचणी

निवड कागदावर करायची नाही, असे आधीच ठरले होते. जवळच्या इनडोअर रेंजवर ६४२ आणि एलसीपी मॅक्स ही दोन्ही शस्त्रे भाड्याने मिळत होती. सात यार्डांवरच्या, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवरच्या, कागदी लक्ष्यावर विनायकरावांनी आधी रिव्हॉल्व्हर चालवले. पहिल्या पाच गोळ्यांतील तीन कागदावर लागल्या, त्याही खाली डावीकडे. जड चाप ओढताना बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जात होती आणि नळी खाली झुकत होती. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून अंगठा चोळायला सुरुवात केली, कारण हलक्या चौकटीचा धक्का थेट सांध्यावर येत होता. ज्या दुखण्यासाठी रिव्हॉल्व्हर सुचवले जाते, तेच दुखणे त्याने वाढत होते.

मग एलसीपी मॅक्स. चिमटीने स्लाइड ओढणे इथेही जमले नाही. तेव्हा पद्धत बदलली : पिस्तूल छातीजवळ आणायचे, नळी लक्ष्याच्याच दिशेला, बोट चापाबाहेर, डाव्या हाताचा पूर्ण तळवा आणि चारही बोटे स्लाइडवरून घट्ट गुंडाळायची, आणि स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने पिस्तुलाची मूठ जोराने पुढे ढकलायची. यात अंगठ्यावर भारच येत नाही, खांदा आणि दंड काम करतात. तिसऱ्या प्रयत्नाला स्लाइड पूर्ण मागे गेली. दहापैकी आठ गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात बसल्या. धक्का होताच, पण रिव्हॉल्व्हरपेक्षा कमी.

दोन अडखळे आले. रिकामे कवच बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये अडकले. करंगळी मुठीवर नीट न बसल्याने मनगट सैल पडत होते आणि इतक्या हलक्या पिस्तुलाला मागून घट्ट आधार मिळाला नाही तर स्लाइडचा फेरा पुरा होत नाही. मॅगझिनच्या तळाला बोटासाठीचा लांबट तुकडा लावला आणि अडखळणे थांबले. त्या तुकड्याने पिस्तूल खिशात सुमारे एक सेंटिमीटर उंच झाले, तेवढी तडजोड करावी लागली.

कृती

विनायकरावांनी दुकानातून नवे एलसीपी मॅक्स घेतले. खरेदीच्या वेळचा ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म त्यांनी स्वतः भरला. त्यात ग्रीन कार्डधारकाला आपला क्रमांक द्यावा लागतो आणि पिस्तूल स्वतःसाठीच घेत असल्याचे लिहून द्यावे लागते.

अंगठ्याने लावायचा सेफ्टी खटका असलेला नमुना घ्यावा की नसलेला, यावर आमचे एकमत नव्हते. माझे मत असे की खिशात चापापर्यंत काहीही न पोहोचू देणारे कडक होल्स्टर हीच खरी सुरक्षा. घाईत खटका उघडायचा राहून जाऊ शकतो, त्यातून यांचा अंगठा दुखरा. विनायकरावांना मात्र नातवाचा विचार करून खटका हवाच होता. अखेर खटक्याचा नमुना घेतला आणि पिस्तूल होल्स्टरमधून काढण्याच्या प्रत्येक सरावात खटका उघडणे समाविष्ट केले. शस्त्र त्यांना बाळगायचे होते, त्यामुळे या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच असणे मला योग्य वाटले.

खिशाचे नियम लेखी दिले. उजव्या खिशात पिस्तूल आणि होल्स्टर यांखेरीज काहीही नाही, किल्ल्या नाहीत, रुमाल नाही. पिस्तूल खिशातल्या होल्स्टरमध्ये कधीही परत सारायचे नाही. आधी होल्स्टर बाहेर काढायचे, दिसेल अशा उजेडात पिस्तूल त्यात बसवायचे आणि मग दोन्ही मिळून खिशात. घरात पाऊल टाकल्यावर सर्वांत आधी पेटी.

गोळ्यांची निवड अवघड होती. १९८६ साली मायामीत झालेल्या गोळीबारानंतर एफबीआयने हातातल्या शस्त्रांच्या गोळ्यांसाठी, चाचणीत मांसाऐवजी वापरल्या जाणाऱ्या जेलॅटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरण्याचा निकष रूढ केला. आखूड नळीतून सुटलेली .३८० ची पोकळ टोकाची गोळी फुलली तर अनेकदा या मर्यादेच्या अलीकडेच थांबते आणि फुलली नाही तर साध्या गोळीसारखी वागते. दुकानात मागे ग्राहक उभे असू शकतात म्हणून अलीकडे थांबणारी गोळी आम्ही पत्करली. तिचा एक पूर्ण खोका रेंजवर झाडून पाहिला आणि एकदाही अडखळा आला नाही, तेव्हाच दुसरा खोका बाळगण्यासाठी ठेवला.

परवान्याच्या परीक्षेत ३, ७ आणि १५ यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडायच्या असतात आणि २५० पैकी १७५ गुण लागतात. प्रशिक्षण केंद्राने मोठे ९ मिलिमीटरचे पिस्तूल देऊ केले होते, त्याने गुण सहज मिळाले असते. विनायकरावांनी स्वतःच्याच पिस्तुलाने परीक्षा दिली. पंधरा यार्डांवर बरेच नेम चुकले, तरी १९६ गुण मिळाले.

सुमनताईंनी पिस्तूल बाळगायला स्वच्छ नकार दिला, पण ते सुरक्षितपणे रिकामे कसे करायचे हे त्या शिकल्या : आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे घ्यायची, मग नळीच्या मागच्या टोकाला, जिथे काडतूस बसते त्या पोकळीत, बोट घालून खात्री करायची. हा क्रम त्यांनी पतीपेक्षा लवकर आत्मसात केला.

परिणाम

पुढच्या वर्षभरात पिस्तूल वापरायची वेळ आली नाही. तिजोरी आणि दिव्यांमुळे रात्रीचा ताण कमी झाला, असे विनायकराव स्वतः सांगतात. पिस्तुलामुळे किती कमी झाला हे त्यांना वेगळे काढून सांगता येत नाही.

अडचणी लहान होत्या, पण दुर्लक्ष करण्यासारख्या नव्हत्या. ह्यूस्टनच्या घामाने दोन महिन्यांत स्लाइडच्या काळ्या थरावर गंजाचे ठिपके आले. खिशातल्या कापडाचा बारीक भुसा नळीच्या तोंडाशी आणि मागच्या माशीच्या खाचेत दाट साचला होता. तेव्हापासून दर रविवारी पुसून तेलाचा हात फिरवणे ठरले.

टपाल कार्यालयाच्या इमारतीतच नव्हे, तर त्याच्या पार्किंगमध्येही शस्त्र नेता येत नाही. त्यांचा आठवड्याला पार्सलचा फेरा असतो, म्हणून त्या दिवशी पिस्तूल घरीच राहते. गणेशोत्सवासाठी ते ज्या मंदिरात जातात, त्याच्या दारावर परवानाधारकांनाही शस्त्रासह प्रवेश नाही असे सांगणारी वैधानिक पाटी आहे. पहिल्या वर्षी त्यांनी पिस्तूल गाडीत ठेवायचे ठरवले होते. गाड्यांमधून शस्त्रे चोरीला जाण्याचे प्रमाण पाहता मी ते करू दिले नाही.

सरावाचे काय झाले? पहिले सहा महिने नियमित, नंतर दोन महिन्यांतून एकदा. थंडीत अंगठा अधिक दुखू लागला आणि ढकलण्याची पद्धतही कधीकधी अपुरी पडू लागली.

वेगळे काय करता आले असते

अंगठ्याची चौकशी पहिल्याच भेटीत व्हायला हवी होती. कोणतेही पिस्तूल सुचवण्याआधी त्या माणसाला रिकाम्या शस्त्राची स्लाइड सलग दहा वेळा ओढायला लावली, तर अर्धे पर्याय तिथेच गळतात. पुढच्या कुटुंबांबरोबर मी हेच करतो आहे.

संधिवात वाढतो, हे गृहीत धरून डॉक्टरांचे मत खरेदीपूर्वी घेता आले असते. तसे झाले असते तर रुगरच्या एलसीपी २ च्या .२२ नमुन्याचा गंभीर विचार झाला असता. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केली आहे आणि काडतूसही स्वस्त आहे. .२२ चे काडतूस कडेला ठिणगी पडून पेटते आणि न पेटण्याचे प्रमाण त्यात अधिक असते, म्हणून मी स्वतः ते पहिल्या पसंतीला ठेवत नाही. पण ज्या हाताला .३८० ची स्लाइड ओढवत नाही, त्या हातात .३८० असून उपयोग नाही.

सरावाचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरला होता, वेळ मात्र धरला नव्हता. दुकान सातही दिवस चालते. रेंजवर जाण्यासाठी महिन्यातील एक सकाळ सुमनताईंशी बोलून आधीच राखून ठेवली असती, तर नंतरची ढिलाई टळली असती. रिकाम्या पिस्तुलाने, बनावट काडतुसे घालून, घरी दहा मिनिटांचा सराव करता येतो, पण नातू जागा असताना तो करायचा नाही असा घरचा नियम आहे आणि विनायकराव घरी येतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात.

सध्या पिस्तूल विनायकरावांकडेच आहे. हाताच्या तज्ज्ञांकडे त्यांची तपासणी सुरू आहे आणि स्लाइड ओढणे दोन महिन्यांत सुधारले नाही तर हे पिस्तूल विकून .२२ चा नमुना घ्यायचा, असे त्यांनी ठरवले आहे. तोवर ज्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी स्लाइड तीनदा सलग ओढली जात नाही, त्या दिवशी ते पेटीतच राहते.